डाख कसला घातलाय?

गेल्या महिन्यात आईच्या पाटलीचा सांधा उकलला. आई जाऊन बारा वर्षे झाली. तिच्या चार पाटल्यांपैकी दोन बहिणीकडे गेल्या, दोन आमच्याकडे राहिल्या. सणावाराला सौ. त्या घालते. त्यातली एक हातातून काढताना बोटाला टोचली, म्हणून बघते तो सांध्यापाशी केसाएवढी फट. तिने पाटली माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, ''हे तुमचं खातं. बघा काय ते.''

खाते माझेच होते. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षे काढली आणि त्यातली बरीचशी धातूला धातू जोडण्यात गेली. भिंग लावून पाहिले. सोन्याच्या दोन्ही टोकांना काहीही झालेले नव्हते. साठ वर्षांपूर्वी सोनाराने कापली तशीच ती सरळ होती. मधला डाख तेवढा थकला होता.

आमच्याकडे याला कुणी डाख म्हणते, कुणी डाग, कुणी झाळ. कारखान्यात गेलो तेव्हा त्याचेच नाव ब्रेझिंग झाले. वेल्डिंग सगळ्यांना ठाऊक असते, कारण त्याच्या ठिणग्या रस्त्यावरून दिसतात. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळवून एकमेकींत मिसळायच्या असतात. ब्रेझिंगमध्ये तुकडे वितळतच नाहीत. त्यांच्यापेक्षा कमी आचेवर पाणी होणारा तिसरा धातू मधल्या फटीत शिरतो आणि थिजून दोघांना धरून ठेवतो. हा तिसरा धातू ४५० अंश सेल्सियसच्या खाली वितळत असेल तर त्याला सोल्डरिंग म्हणायचे, वर वितळत असेल तर ब्रेझिंग. रेडिओ दुरुस्तीवाल्याचे कथील पहिल्या घरातले. सोनाराचा आणि तांबटाचा डाख दुसऱ्या घरातला.

यातली खुबी फटीत आहे. नवशिक्याला वाटते, डाख जितका जास्त तितका सांधा पक्का. प्रत्यक्षात फट कागदाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही बारीक हवी. मिलिमीटरचा विसावा ते दहावा भाग, एवढीच. मग समईच्या वातीत तेल चढते तसा वितळलेला डाख आपोआप आत ओढला जातो, अगदी वरच्या दिशेनेसुद्धा. फट रुंद ठेवली की तो ओघळून जातो आणि वर नुसता गोळा दिसतो. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. जोडायच्या जागी बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी डाख तिथे पसरायला नकार देतो. तिसरी आचेची. ज्योत डाखाच्या कांडीवर धरायची नसते, कामावर धरायची असते. काम तापले पाहिजे आणि कामाच्या उष्णतेने कांडी वितळली पाहिजे. डाख नेहमी गरम बाजूकडे धावतो. हे कळायला एक दिवस पुरतो आणि हाताला यायला तीन वर्षे लागतात.

पुण्यातल्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथून जाताना हातोड्यांचा आवाज कानावर पडला नाही असे माझ्या लहानपणी कधी झाले नाही. तांब्याच्या हंड्याचे किंवा बंबाचे अंग एका पत्र्याचे वळवून केलेले असते. जुन्या भांड्याला जिथे पत्र्याची दोन टोके मिळतात, तिथे नीट पाहिले तर एकमेकांत अडकवलेल्या दातांची पिवळसर नक्षी दिसते. कडांना दाते पाडायचे, एकाआड एक बसवायचे, वर पितळेचा चुरा आणि सवागी घालायची आणि भट्टीत धरायचे. पितळ तांब्याच्या आधी वितळते. ते दातांच्या फटीत उतरते. वर हातोडीने ठोकून घेतले की पाणी ठिपकत नाही. आमच्या घरचा बंब तीन पिढ्या तापला. बूड दोनदा बदलले, सांधा मात्र पहिलाच.

ही सवागी, म्हणजे टाकणखार, तिची एक वेगळीच कथा आहे. धातू तापला की त्याच्यावर हवेने काळपट साय धरते आणि त्या सायीवर डाख बसत नाही. सवागी वितळून काचेसारखी पसरते, ती साय खाऊन टाकते आणि हवा अडवून धरते. तिबेट आणि लडाखकडच्या सरोवरांच्या काठची सवागी घाट उतरून हिंदुस्थानात यायची आणि इथून पार युरोपातल्या सोनारांपर्यंत जायची. संस्कृतातला 'टंकण' इंग्रजीत 'टिंकल' होऊन बसला आहे तो त्यामुळेच. आज घरातल्या फ्रिजच्या मागे तांब्याच्या नळ्या पाहाव्यात. त्यांचे सांधे असेच जोडलेले असतात. जुन्या काळ्या सायकलींच्या सांगाड्यात नळ्या जिथे मिळतात तिथेही आत पितळच असे. उर येथील राजकबरींत सापडलेल्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सोन्याच्या कामातही असे डाख आहेत. इतक्या जुन्या विद्येत नवे काय बिघडणार, असे कुणालाही वाटेल. मलाही वाटत होते.

आता सोनाराकडे वळतो. माझ्या लहानपणी आमच्या गावचे सोनारकाका ओसरीवर मांडी घालून बसत. पुढ्यात ऐरण, चिमटे, एक दिवा आणि तोंडात बाकनळी. गाल फुगवून ते ज्योतीवर फुंकर घालत आणि ज्योत सुईसारखी बारीक होऊन नेमकी हव्या त्या जागी जाई. मी तासन् तास बघत बसे. सोन्याला सोने जोडायचे तर डाखही सोन्याचाच लागतो, पण तो दागिन्याआधी वितळायला हवा. त्यासाठी त्यात तांबे आणि चांदी घालून त्याचा कस उतरवावा लागतो. म्हणजे बावीस कॅरटच्या दागिन्यात डाख मात्र त्याहून हलका. साध्या पाटलीला एकच सांधा, तिथे काही बिघडत नाही. पण साखळी घ्या, गोफ घ्या. शेकडो कड्या आणि प्रत्येक कडीला एक डाख. असा दागिना मोडीत काढून वितळवला की सोन्याचा कस घसरलेला निघे. मग गिऱ्हाईक म्हणे सोनाराने लुबाडले, आणि सोनार म्हणे डाख आकाशातून आणू काय! दोघांचेही थोडे थोडे खरे असे. काही सोनार डाखाच्या नावावर मनमुराद भेसळ करत, हेही खोटे नाही. आमच्या आजीचा सोनारावरचा अविश्वास तर घरात म्हणीसारखा चालत असे.

या भांडणावर जो तोडगा निघाला त्याचे नाव केडीएम.

नव्वदच्या दशकात लग्नकार्य केलेल्या प्रत्येकाला ही तीन अक्षरे आठवत असतील. पेढीत शिरले की पहिला प्रश्न, ''केडीएम आहे ना?'' पाट्यांवर ती अक्षरे, पावतीवर ती अक्षरे. सोन्याची ती एक जातच आहे असे लोकांना वाटे. 'आमच्याकडे सगळं केडीएममधलंच आहे,' असे विहीणबाई ठसक्यात सांगत. केडीएम म्हणजे काय हे मात्र शंभरात दोघांनाही सांगता आले नसते. तो कॅडमियम या शब्दाचा बाजारातला संक्षेप आहे. ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम असे प्रमाण सांगितले जाई. कॅडमियम अवघ्या ३२१ अंशांवर वितळतो, त्यामुळे तो एवढासा मिसळला तरी डाख लवकर पाणी होतो. डाखातच ९२ टक्के सोने असल्याने दागिन्याचा कस घसरत नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिले तर हा तोडगा बिनतोड होता.

कारागिराच्या बाजूने पाहायला आम्ही कुणी माडीवर गेलोच नाही. कॅडमियम ७६७ अंशांवर उकळतो आणि सोनाराची ज्योत त्याच्या कितीतरी पुढची असते. डाख लावताना त्यातला कॅडमियम पिवळसर-तपकिरी धूर होऊन वर येतो. डाख लावणाऱ्याचे नाक कामापासून वीतभर अंतरावर असते. लांब बसून ते काम होतच नाही.

मला हे कळत नव्हते असे म्हणायची सोय नाही, आणि खरे सांगायचे तर हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला. १९८४च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या टूलरूममध्ये लेथच्या हत्यारांना कार्बाइडचे तुकडे जोडायचे काम चाले. पोलादी दांड्यावर कार्बाइडचा नखाएवढा तुकडा बसवायचा आणि चांदीच्या कांडीने ब्रेझ करायचा. त्या कांडीत ४५ टक्के चांदी आणि जवळजवळ पाव हिस्सा कॅडमियम असे. साधारण ६२० अंशांवर ती अशी सुरेख धावे की बघत राहावे. चांदी आणि तांबे एवढेच घेतले तर उत्तमातल्या उत्तम मिश्रणालाही ७८० अंश लागतात. शिवाय या कांडीने हात शिकाऊ असला तरी सांधा साधून जाई. म्हणून ती सगळ्यांची लाडकी होती.

त्या दिवशी पाऊस तिरपा येत होता म्हणून खिडक्या लावलेल्या होत्या. धूर ओढणारा पंखा जळून दुरुस्तीला गेलेला. काम निकडीचे होते आणि ते कोपऱ्यात बसून उरकायला मीच सांगितले होते. आमचा तो कारागीर वयाने माझ्याहून मोठा, हाताचा निष्णात. त्याने सहा तास काम केले. जाताना 'घशात खवखवतंय, साहेब' म्हणाला. मी त्याला गूळ खायला सांगितले. धुराधुळीच्या कामावर गूळ देण्याची आपल्याकडे रीतच आहे. रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला. घरच्यांना वाटले पावसात भिजल्याने. जस्ताच्या धुरानेही असा ताप येतो आणि तो दुसऱ्या दिवशी उतरतो, हे आम्ही जाणून होतो. म्हणून मीही स्वस्थ राहिलो. दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही, श्वास लागला. इस्पितळात न्यावे लागले. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ''काल काम कसलं करत होते?'' मी कांडीचा खोका नेऊन दाखवला. त्यावर बारीक अक्षरांत सगळे छापलेले होते. मी आठ वर्षे तो खोका उघडत होतो आणि ती अक्षरे कधी वाचली नव्हती.

कॅडमियमची खोड हीच आहे. धूर जाताना फारसे काही जाणवत नाही. त्रास सुरू होतो कित्येक तासांनी, माणूस घरी गेल्यावर. फुप्फुसे आतून सुजतात. १९६६ साली इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरच्या पुलाच्या कामावर कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट गॅसने कापताना पाच कामगारांना अशी बाधा झाली. त्यातला एक दगावला. आणि थोडा थोडा रोज गेला तर हा धातू मूत्रपिंडात साठत राहतो, कैक वर्षे निघत नाही. जपानमध्ये तोयामा भागात जिन्झू नदीतून खाणीचे कॅडमियम भातशेतीत उतरले. हाडे इतकी ठिसूळ झाली की त्या रोगाला लोकांनी नावच 'इताई-इताई' दिले, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. १९९३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले.

आमचा कारागीर वाचला. तीन महिन्यांनी कामावर आला, पण दुसरा जिना चढताना कठड्याला धरून उभा राही. त्याने मला कधी दोष दिला नाही. पंखा दुसऱ्याच आठवड्यात बसला. पुढे आम्ही बिनकॅडमियमच्या कांड्या आणल्या. महाग, जास्त आच मागणाऱ्या, हाताला जड. कुरकुर झाली, मग सवय झाली.

आणि एवढे सगळे पाहिलेला मी, १९९६ साली मुलीच्या लग्नाची खरेदी करायला पेढीत गेलो आणि काउंटरवर हात ठेवून विचारले, ''केडीएम आहे ना?''

टूलरूममधला कॅडमियम आणि पेढीतले केडीएम एकच, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी आले नाही. आले ते चार दिवसांनी. मंगळसूत्राच्या वाट्यांची कडी बदलायची होती, म्हणून पेढीच्या मुलाबरोबर मागच्या गल्लीतल्या माडीवर गेलो. डोके वाकवून शिरावे लागेल असे दार. आत सहा पोरे, बहुतेक पश्चिम बंगालमधली, मिसरूड फुटायच्या वयाची. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, आणि सोन्याचा कण उडू नये म्हणून खिडकीही बंद. तिथेच जेवायचे, तिथेच झोपायचे. एकाच्या हातात साखळी होती. तो कडीमागून कडी डाखत होता आणि प्रत्येक कडीपाशी धुराची एक छोटी पिवळट शेंडी उठत होती. तो रंग मला ओळखीचा होता. मी काय केले? कडी घेतली, पैसे दिले आणि खाली उतरलो. चार दिवसांवर लग्न होते. लग्नघरात असले विषय काढायचे नसतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काही सोनारमित्र मला सांगतात, आमच्या चार पिढ्या धुरात गेल्या, कुणाला काय झाले? त्यावर माझे एवढेच म्हणणे आहे की त्यांच्या पणज्याच्या धुरात सवागी होती, तांबे होते, कॅडमियम नव्हता. तो जुन्या विद्येचा भाग नव्हेच. आणि कुणाला काय झाले हे कळायला कुणी मोजले पाहिजे. चार-सहा माणसांची माडी कारखान्याच्या व्याख्येत बसत नाही. खोकला वाढला की पोरगा गावी परत जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. मोजणार कोण आणि कुणाला?

युरोपीय संघाने डिसेंबर २०११ पासून दागिन्यांत आणि ब्रेझिंगच्या कांड्यांत, संरक्षण आणि विमानउद्योगासारखे थोडे अपवाद सोडून, कॅडमियमला मनाई केली. आपल्याकडे २००० साली सोन्याचे हॉलमार्किंग सुरू झाले, जून २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले, आणि केडीएमचा दिमाख ओसरला. जस्त किंवा इंडियम वापरून केलेले डाख मिळतात, बावीस कॅरटचा कस राखणारे. लेसरने जोडणारी यंत्रेही मोठ्या पेढ्यांकडे आली आहेत. हे सगळे चांगलेच आहे. पण हॉलमार्कचा ९१६ हा आकडा सोन्याची साक्ष देतो. दागिना ज्याने जोडला त्याच्या छातीत काय गेले, याची साक्ष कुठल्याही शिक्क्यावर नसते. शिवाय जुन्या सवयी पाटी बदलली म्हणून जात नाहीत. आजही शहाणीसुरती माणसे 'केडीएमच द्या' म्हणताना मी ऐकतो, आणि गिऱ्हाईक मागते म्हटल्यावर दुकानदार कशाला नाही म्हणेल?

आपण घडणावळीवर घासाघीस करतो. तुटीवर वाद घालतो. वजनकाट्याच्या काचेवर नाक टेकवून ग्रॅममागचे मिलिग्रॅम बघतो. त्यात डाखाचा प्रश्न घालायला काहीच जास्तीचे लागत नाही. विचारायचे, यात डाख कसला घातलाय? बिनकॅडमियमचा आहे का? दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्याला पेढीवाला आपण होऊन सांगेल. केडीएम हा शब्द असाच तर पसरला होता. एका पिढीने न समजता विचारलेल्या प्रश्नाने जर सगळा बाजार बदलला, तर समजून विचारलेल्याने का बदलू नये? यात दागिना थोडा महाग पडेल, वेळ लागेल, जोडणाऱ्याचा हात अधिक तयार लागेल. त्या हाताला त्याप्रमाणे पैसे द्यावे लागतील. त्याची माझी तक्रार नाही.

तर ती पाटली. जवळच्या एका सोनारांकडे घेऊन गेलो. पन्नाशीचे गृहस्थ, स्वतः कामाला बसणारे. त्यांनी पाटली फिरवून पाहिली आणि म्हणाले, ''जुनं काम आहे हो. उद्या या, करून ठेवतो.''

मी विचारले, ''डाख कसला घालाल?''

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. कस तपासायला आलो असेन असे त्यांना वाटले असावे. ''बावीसचाच घालीन. सोनं कमी होणार नाही, काळजी नसावी.''

''सोन्याचं नाही विचारत. कॅडमियम नको आहे. तुमच्यासाठी.''

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग खालचा खण ओढून एक चपटी डबी काढली, दुसरी मागे सारली. ''हा आणून ठेवलाय मी. पण आच जास्त लागते याला. पाटली पोकळ आहे, आतली लाखही काढून पुन्हा भरावी लागेल. उद्या नाही व्हायची. गुरुवार धरा.''

घरी येऊन सांगितले तर सौ. म्हणाली, ''गुरुवार तर गुरुवार. कुठे लग्नाला जायचंय?''